चालू गाडीत बॅटरीची वायर काढू नका

‘गाडी सुरू होत नसेल तर जंप देऊन चालू करा आणि इंजिन चालू असतानाच बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, गाडी बंद पडली तर अल्टरनेटर गेला’ असा मेसेज फिरतोय. (अल्टरनेटर म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा भाग; जंप म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वायर जोडून गाडी सुरू करणं.) ही युक्ती कार्ब्युरेटरच्या जमान्यातली. आजच्या गाडीत ती नकोच. चालू अल्टरनेटरपासून बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज क्षणभर भलतंच उसळतं. ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) किंवा अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. म्हणजे नसतं दुखणं विकत घेणं! शिवाय गाडी चालू राहिली तरी अल्टरनेटर ठणठणीत आहे असं ठरत नाही.

तपासायला साधा मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसले तर चार्जिंग होतंय. (काही नव्या गाड्या हा आकडा मुद्दाम खालीवर करतात.)

पण मीटरच्याही आधी, इंजिन बंद ठेवून, बॅटरीचं टर्मिनल (वायर जोडलेलं टोक) हलवून बघा. पांढरट-हिरवट थर घासून काढला आणि नट आवळला की नुसतंच ‘टक’ करणारा स्टार्टर बऱ्याचदा गरकन फिरतो.