मागे फेका, म्हणजे पुढे जाईल

फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे खोट्या कीटकानं मासा धरण्याच्या खेळात, जे साधायचं असेल त्याच्या बरोब्बर उलट करायचं असतं. फ्लाय पुढे पाण्यात टाकायची आहे? आधी मागे फेका. लांब जायला हवी? जोर कमी करा. बारीक फ्लाय हवी? मोठा नंबर मागा. मासा हवा आहे? सोडून देण्यासाठी धरा. हा उफराटा कारभार ज्याला पहिल्याच दिवशी पटतो तो एक तर संत असतो, नाही तर आमचे गुरुजी.

गुरुजी माझे नात्यानं कुणी लागत नाहीत. वयानं वडील, स्वभावानं मवाळ. फक्त हातात रॉड आला की आवाज बदलतो. ‘‘एकदा येऊन तर बघ,’’ असं ते म्हणाले आणि मी गेलो. या वाक्यामुळे आजवर किती संसारी माणसं गार पाण्यात उभी राहिली असतील, याची मोजदाद कुणीतरी करायला हवी.

साध्या गळाचा हिशोब शेंबड्या पोरालाही कळतो. टोकाला शिसं असतं, ते भिरकावलं की आपल्यामागून दोरी ओढत जातं. इथे टोकाला असते फ्लाय, म्हणजे गळावर दोरा-पिसं गुंडाळून केलेला खोटा कीटक. तिला वजन नसतंच म्हणा ना. म्हणून वजन दोरीलाच, म्हणजे लाइनला, दिलेलं असतं. पाच नंबरच्या लाइनचे पहिले 30 फूट 140 ग्रेन भरतात, म्हणजे जेमतेम 9 ग्रॅम. हे 9 ग्रॅम 9 फुटी रॉडनं हवेत उलगडायचे, त्यांच्या टोकाला लीडर नावाचा निमुळता दोरा, लीडरच्या टोकाला टिपेट नावाचा बारीक दोरा, टिपेटच्या टोकाला फ्लाय, आणि ती फ्लाय पाण्यावर अशी उतरवायची की पाण्यालाही पत्ता लागू नये.

त्यासाठी लाइन आधी मागे न्यायची आणि थांबायचं. मागे ती पूर्ण सरळ झाली की रॉड वाकतो, आणि रॉड सरळ होताना तीच लाइन पुढे फेकली जाते. सगळी विद्या त्या थांबण्यात आहे. गुरुजी म्हणतात, ‘‘रॉड घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मध्येच फिरव. दोनवर थांब.’’ मी दोनवर थांबतो असं मला वाटतं. गुरुजींच्या म्हणण्यानुसार माझे साडेतीन वाजलेले असतात.

मोकळ्या मैदानात गवतावर सराव केला तेव्हा हे सगळं बऱ्यापैकी जमलं होतं. मैदानाला झाडं नसतात. डोंगरातल्या नदीला दोन्ही काठांवर झाडं असतात, ती पाण्यावर ओणवलेली असतात, आणि मासा नेमका त्यांच्याच सावलीत उभा असतो. मागे डोळे नसलेल्या प्राण्यानं मागे तीस फुटांवर काय आहे याचं भान ठेवून पुढे बघायचं, अशी अपेक्षा आहे. पहिल्याच बॅककास्टला, म्हणजे लाइन मागे फेकताना, माझ्या हाताला जोरदार ओढ लागली. मला वाटलं, मासा! मागे वळून पाहिलं, तर झाड. त्या दिवशीची सगळ्यात दमदार झुंज त्या फांदीनं दिली, हे मी आजही मान्य करतो.

फांदीत अडकलेली फ्लाय ओढायची नसते. ओढली की फांदी वाकते, आपल्याला हुरूप येतो, आपण आणखी ओढतो आणि मग ती सुटते ती थेट आपल्या तोंडाकडे येते. पोलराइज्ड गॉगल घालायला लावताना गुरुजींनी सांगितलं होतं की, त्यानं पाण्यावरची चमक जाते आणि आतला मासा दिसतो. मला मासा दिसला नाही, पण डोळा शाबूत राहिला.

‘‘मागे जागा नसेल तर रोल कास्ट करायचा,’’ गुरुजी खालून ओरडले. म्हणजे लाइन मागे हवेत न सोडता पाण्यावरूनच वळसा देऊन पुढे लोटायची.

‘‘हे आधी का नाही सांगितलंत?’’

‘‘अरे, आधी बॅककास्ट यायला नको का?’’

माणसानं हे सगळं स्वतःहून ओढवून घेतलेलं आहे. साधारण अठराशे वर्षांपूर्वी एका रोमन लेखकानं मॅसिडोनियातल्या कोळ्यांचं वर्णन करून ठेवलंय. ते गळाला तांबडी लोकर गुंडाळत, वर कोंबड्याची दोन पिसं बांधत आणि ठिपकेदार मासे पकडत. काठी सहा फूट, दोरीही सहा फूट. बॅककास्ट नाही, दहा-दोन नाही, झाड नाही. हात लांब करायचा आणि फ्लाय पाण्यावर ठेवायची. काम झालेलं होतं! त्यानंतरच्या पिढ्यांनी बसून ते अवघड केलं.

आता त्या फ्लाय. गुरुजींचा डबा उघडला की आत बोट लावायची भीती वाटेल इतक्या नाजूक वस्तू रांगेत बसलेल्या असतात. सोळा नंबर म्हणजे बारीक, अठरा म्हणजे त्याहून बारीक, बावीस म्हणजे केवळ श्रद्धेनं पाहायची. टिपेटचंही तेच. 5 एक्सचा दोरा 0.006 इंच जाडीचा, म्हणजे सुमारे 0.15 मिलिमीटर. एक्सचा आकडा वाढला की जाडी कमी होते. दुसऱ्या कुठल्याही व्यवहारात असे आकडे लिहिले तर हिशेब तपासणारा घरी येईल.

फ्लाय तरंगते ती गळाभोवती गुंडाळलेल्या पिसाच्या तंतूंमुळे. त्याला हॅकल म्हणतात. हे पीस कोंबड्याच्या मानेवरचं किंवा पाठीवरचं, लांब, ताठ आणि चकचकीत. केवळ यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेले कोंबडे असतात. 2011 मध्ये अमेरिकेत हीच लांब पिसं केसांत माळायची फॅशन आली, दुकानांतली पिसं भराभर संपली, आणि नदीकाठची मंडळी हवालदिल झाली. माशाला फसवायला जोपासलेल्या पिसाला माणूस आधी फसला, याचं मला फार बरं वाटलं.

कोणती फ्लाय कधी लावायची याचं गुरुजींकडे एक शास्त्र आहे. दगड उचलायचा, त्याखाली कोणत्या अळ्या आहेत ते पाहायचं. वाळू-काड्यांचं घर करून राहणारी ती कॅडिसची अळी. शेपटीचे दोन तंतू असतील तर स्टोनफ्लाय, तीन असतील तर बहुतेक मेफ्लाय. गुरुजी पाण्यात ओणवून शेपट्या मोजत होते तेव्हा मी विचारलं, ‘‘माशाला इतकं कळतं?’’ त्यावर त्यांनी डब्यातून ‘ॲडम्स’ काढून दिली. ही 1922 साली मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी बांधली आणि आपल्या मित्राच्या नावानं ओळखली जाऊ लागली. करड्या रंगाची, जगातल्या सर्वांत नावाजलेल्या फ्लायपैकी एक. ती कुठल्या कीटकाची नक्कल आहे? कुठल्याच नाही. थोडी याच्यासारखी, थोडी त्याच्यासारखी. मग आपण शेपट्या कशाला मोजल्या, हे मी विचारलं नाही. गार पाण्यात गुरूशी वाद घालू नये, ओढीला लागलं तर हात द्यायला तेच असतात.

ओढीवरून आठवलं. पर्वतातल्या नदीचे दगड गोल असतात आणि त्यांच्यावर शेवाळ्याचा पातळ थर असतो. पूर्वी यासाठी बुटांना लोकरी नमद्याचे तळवे लावत. ते छान धरून ठेवत, पण ओलसर राहत आणि एका नदीतलं सूक्ष्म शेवाळ दुसरीत नेत. डिडिमो नावाच्या अशा शेवाळाच्या धास्तीनं न्यूझीलंडनं 2008 मध्ये त्या तळव्यांवर बंदीच घातली. पर्यावरणाच्या दृष्टीनं योग्य निर्णय. मी रबरी तळव्यांनिशी नदीत उतरलो आणि पर्यावरणाच्या अगदी जवळ गेलो. वेडर्स नावाची ती छातीपर्यंतची जलरोधक विजार पाणी बाहेर ठेवते, हे खरं. वरून शिरलेलं पाणी ती तितक्याच निष्ठेनं आतही ठेवते. कंबरेला पट्टा घट्ट बांधायचा असतो तो याचसाठी. माझं पाणी पट्ट्यापाशी अडलं. त्यामुळे खालचा अर्धा मी कोरडा आणि वरचा अर्धा मासा, अशी विभागणी झाली.

आणि ज्याच्यासाठी हे चाललं होतं तो? ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. खाणं वरून वाहत येतं, त्याला नुसतं तोंड उघडायचं असतं. म्हणून आपण खालून, त्याच्या पाठीमागून, प्रवाहाविरुद्ध चढत जायचं. त्याला पाण्याबाहेरचं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश वाकल्यामुळे सगळं आकाश सुमारे 97 अंशांच्या शंकूत गोळा होतं, आणि त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग नुसता आरसा असतो. काठावरच्या ठेंगण्या वस्तू खिडकीच्या कडेला चेपून जवळजवळ नाहीशा होतात. थोडक्यात, माणसानं ठेंगणं व्हायचं. मी ओणवा झालो, मग गुडघ्यांवर आलो. पण त्याच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, तिला पाण्यातली थरथर कळते. माझ्या बुटाखालचा दगड सरकला, आणि मी ज्याच्यासमोर गुडघे टेकले होते तो पाहुणा निघून गेला. गेला तेव्हाच तिथे होता हे मला कळलं.

पुढचा मासा गुरुजींनी दाखवला. दगडाआड, संथ पाण्याच्या पट्टीत. त्या पट्टीच्या आणि माझ्यामध्ये वेगवान धार. माझ्या हिशेबानं हा दिवसातला सर्वांत सुंदर कास्ट होता. फ्लाय दगडाच्या वरच्या अंगाला अलगद उतरली. पण मधली लाइन वेगवान धारेत. धारेनं लाइनला पोट आणलं, पोटानं लीडर ओढला, आणि माझी ॲडम्स पाण्यावर रेघ मारत पळत सुटली. याला ड्रॅग म्हणतात. कुठलाही खरा कीटक प्रवाहाला आडवा असा धावत नाही. ‘‘मेंड कर, मेंड!’’ गुरुजी. म्हणजे फ्लाय न हलवता फक्त लाइन उचलून वरच्या बाजूला टाकायची. मी मेंड केलं. लाइन हलली, फ्लाय हलली, मी हललो. मासा तेवढा हलला नाही. तो खालून सगळं निवांत बघत असावा.

या माशाचा तोरा खानदानी आहे. ब्राऊन ट्राउट मूळचा युरोप आणि पश्चिम आशियाचा. 1864 मध्ये त्याची अंडी इंग्लंडहून जहाजानं, शेवाळात गुंडाळून बर्फात ठेवून, विषुववृत्त ओलांडून टास्मानियाला नेली. तिथून तो न्यूझीलंडला गेला. 1900 च्या सुमारास काश्मीरच्या नद्यांतही आला. कित्येक ठिकाणी आज आपण ज्याला रानटी म्हणतो, त्याचे पूर्वज असे गादीवर निजून आलेले आहेत. माणसानं मासा नदीत घालण्यासाठी एवढा आटापिटा केला, आता तो बाहेर काढण्यासाठी त्याहून मोठा करतो, आणि काढला की परत घालतो.

संध्याकाळ झाली तशी हॅच, म्हणजे कीटकांचं पाण्यातून बाहेर पडणं, सुरू झाली. मेफ्लायची अळी पाण्याखाली कित्येक महिने, बऱ्याचदा वर्षभर वाढते, मग एका संध्याकाळी वर येते, पंख वाळवते आणि उडते. पंख फुटल्यावर तिला खायला कामाचं तोंडच नसतं. उरलेलं आयुष्य तास-दोन तास किंवा एखाद-दुसरा दिवस. हजारोंनी निघाल्या. दिवसभर ओसाड वाटणाऱ्या पाण्यावर जिकडेतिकडे, त्या खायला वर येणाऱ्या माशांची वर्तुळं उमटू लागली. गुरुजींचे हात कापायला लागले. ‘‘बारीक लाव! अठरा!’’

अंधुक उजेडात 0.15 मिलिमीटरचा दोरा अठरा नंबरच्या गळाच्या छिद्रात ओवून दाखवणाऱ्याला कुठल्याही खात्यात नोकरी द्यावी. मी आकाशाकडे धरून पाहिलं, पांढऱ्या बाहीवर धरून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. शेवटी दोरा गेला. पण ओढण्याआधी गाठ थुंकीनं ओली करावी लागते, नाही तर घासून तापते आणि दोरा कमजोर होतो. ती ओली करायची राहिली. दोन कास्टनंतर कुणीतरी माझी फ्लाय घेऊन गेलं. मासा की झाड, ते कळलं नाही.

नवीन बांधण्याचा धीर नव्हता. म्हणून दिवसभर झाडांनी आणि दगडांनी खाल्लेली ती जुनी ॲडम्स टोपीवरून काढली, चाचपडत बांधली, पुढे सोडली आणि बोटं गार पडली म्हणून रॉड काखेत धरून हातांवर फुंकर मारत बसलो. लाइन खाली वाहत गेली, ताणली गेली, फ्लाय आडवी ओढली जाऊ लागली. ड्रॅग, तोही शंभर नंबरी.

काखेतला रॉड धडपडला.

‘‘काय केलंस?’’ गुरुजी धावत आले.

‘‘काही नाही.’’

वीतभर ट्राउट होता. पिवळट पोट, तांबड्या ठिपक्यांभोवती फिकट कडी. गुरुजी ओरडले, ‘‘हात ओले कर आधी! कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो!’’ कंबरेवर दिवसभर कोरडं असं काही उरलं नव्हतं. फुंकरून फुंकरून तेवढे हात नेमके त्या क्षणी कोरडे झाले होते. ते पुन्हा पाण्यात बुडवले. गळाला उलटा काटा नव्हता, सहज निघाला. माशाला प्रवाहाकडे तोंड करून धरलं. त्यानं दोन-चार वेळा कल्ले हलवले आणि आभार न मानता निघून गेला.

गुरुजींना त्या संध्याकाळी एकही लागला नव्हता. त्यांनी घसा साफ केला. ‘‘असं होतं. हॅचच्या वेळी वर येणारा कीटक कधीकधी असा ताणल्यासारखा आडवा सरकतो. माशाला तेच हवं असतं.’’ मग डोक्यावरचा दिवा लावून हात पुढे केला. ‘‘दाखव, कोणती होती.’’

मी दाखवली. हॅकल कुठल्याशा फांदीवर राहिलं होतं. पंख गेले होते. शेपूट, ज्यावरून गुरुजींनी सकाळी एवढं शास्त्र सांगितलं होतं, तिचा पत्ता नव्हता. गळावर करड्या लोकरीचा एक बोंदरा तेवढा शिल्लक होता.

गुरुजींनी ती उलटसुलट करून बराच वेळ पाहिली. परत दिली. मग स्वतःच्या डब्यातली एक कोरी, सुरेख, बहुधा आदल्याच रात्री बांधलेली ॲडम्स काढली, माझ्याकडे पाठ केली आणि खिशातून बारीक कात्री बाहेर काढली.