खोळंबा वाचनालय

डिसेंबर लागला की पुण्यात थंडीबरोबर एक प्रश्नही पडायला लागतो. "मग, यंदा काय काय वाचलंत?" विचारणाऱ्याला उत्तराची घाई नसते, त्याला स्वतःची यादी सांगायची असते. आमच्या सोसायटीत हे खातं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे आहे. काका महसूल खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे नोंदी ठेवणं हाडीमाशी खिळलेलं. नाताळच्या सुमारास त्यांची यादी ग्रुपवर येते. अनुक्रमांक, ग्रंथ, लेखक, आवृत्ती, पृष्ठसंख्या आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेऱ्यात 'ठीक', 'बरे', 'मुद्रणदोष फार'. 'उत्तम' हा शेरा आजवर कुणाला मिळालेला नाही, त्यात दोन ज्ञानपीठवालेही गेले. यादीखाली टाळ्यांचे हात उमटतात आणि मग काकांचा दुसरा निरोप येतो, "इतरांनीही आपापल्या याद्या टाकाव्यात." त्यातले 'इतर' म्हणजे मी. बाकीचे सगळे ग्रुप म्यूट करून बसलेले असतात.

तर यंदाची माझी कर्मकहाणी.

सुरुवात गेल्या डिसेंबरातच झाली होती. फर्ग्युसन कॉलेजच्या मैदानावर २०२३ पासून राष्ट्रीय पुस्तक न्यासातर्फे पुणे पुस्तक महोत्सव भरतो. तिथली गर्दी बघितली की 'मराठी माणूस वाचत नाही' म्हणणाऱ्यांना आणून पार्किंग शोधायला लावावं असं वाटतं. तिथे एका गाळ्यावर पाटी होती, 'प्रकाशनपूर्व सवलत'. या दोन शब्दांपुढे माझी मती नेहमीच गुंग होते. ग्रंथ अजून जन्मालाच आलेला नाही आणि आपण मात्र पैसे वाचवून मोकळे! विषय काय, तर पेशवाईतला महसूल, तीन खंडांत. मला आमच्या घराचा मालमत्ता कर कसा आकारतात ते अजून कळलेलं नाही. तरी मी फॉर्म भरला. सौ. नुसतं म्हणाली, "घरातली वाचून झाली वाटतं." प्रश्नचिन्ह न लावता म्हणाली.

ग्रंथ पाडव्याला येणार होता. तो हुकल्यावर अक्षय्य तृतीयेला येणार होता. साडेतीन मुहूर्तांपैकी दोन असे गेल्यावर दसऱ्याला आला, शिलंगणाच्या सोन्यासारखा. फक्त सोनं हलकं असतं, हा उचलताना मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. आता तो रोज वापरात आहे. सौ. घरून काम करते तेव्हा लॅपटॉप त्यावर ठेवते. तिन्ही खंड एकावर एक ठेवले की कॅमेरा बरोब्बर डोळ्यांच्या रेषेत येतो. दोनच ठेवले तर हनुवटी मोठी दिसते. म्हणून तिसरा खंड मी प्रस्तावनेपुरता मागितला तरी मिळत नाही, "अहो, माझी मीटिंग आहे."

वाचनालयात मात्र मी नेमाने जातो. पुण्यात ही परंपरा जुनी. लोकहितवादींसारख्या मंडळींच्या पुढाकाराने १८४८ साली इथे नेटिव्ह लायब्ररी निघाली, तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. आमचं वाचनालय त्यामानाने परवाचं, तळमजल्यावरचं, दोन खोल्यांचं. तिथल्या बाईंची स्मरणशक्ती दांडगी आहे आणि ती त्या माझ्याविरुद्ध वापरतात.

"हे तुम्ही नेलं होतं की जूनमध्ये."

"मग वाचलं असेल."

"नाही. तुमचं बसचं तिकीट सोळाव्या पानात आहे."

आमच्या वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकात खरं तर दोन पुस्तकं असतात, एक छापलेलं आणि एक समासात लिहिलेलं. दुसरं जास्त वाचनीय. यंदा पुण्याच्या इतिहासावरचं एक जुनं पुस्तक आणलं होतं. त्यात प्लेगचं साल १८९८ असं छापलेलं. शेजारी पेन्सिलीने, बारीक, कोरीव अक्षरात : 'चूक. १८९७.' त्याच्याखाली निळ्या शाईत : 'कहर १८९७ साली. शिरकाव १८९६च्या अखेरीसच झाला होता. अर्धवट माहिती देऊ नये.' त्याच्याखाली तिसरं अक्षर, किंचित थरथरतं : 'वाचनालयाच्या पुस्तकात शाईने लिहू नये.' मग पुन्हा निळी शाई : 'पेन्सिलीने चालते काय?' इथे समास संपला म्हणून मी उत्सुकतेने पान उलटलं, तर थरथरत्या अक्षरातला मजकूर वरच्या बाजूला चालूच : 'खोडता तरी येते.' छापील मजकुरात रँडसाहेबाची गाडी गणेशखिंडीत येऊन ठेपली होती, पुढे चापेकर बंधू दबा धरून बसले होते आणि मी अजून समासातच. पुस्तक परत करायची तारीख आली तेव्हा वादाचा निकाल माझ्या लक्षात होता, प्रकरणाचं नाव नव्हतं.

हे एक वेळ परवडलं. पण रहस्यकथेत? पान एकतीसवर बागेत गुलाबाला पाणी घालणाऱ्या माळ्याचा ओझरता उल्लेख होता. त्याच्या नावाभोवती पेन्सिलीने गोल आणि समासात दोनच शब्द : 'लक्ष ठेवा.' पुढची दोनशे पानं इन्स्पेक्टर सगळ्या गावाची चौकशी करत हिंडत होता आणि मी त्याला मनातल्या मनात ओरडून सांगत होतो, "अहो, बागेत जा बागेत!" वर्षातला सगळ्यात मोठा रसभंग तो. बाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "चांगले वाचक आहेत हो ते. निदान पुस्तक पूर्ण करतात."

बरं, न वाचण्याचं कारण 'वेळ नाही' हे असतं तर मी ते अभिमानाने सांगितलं असतं. जुलैत तेही गेलं. जिन्यात पाय घसरला, प्लास्टर पडलं आणि ऑफिसने हौसेने रजा दिली. पुण्यात आजाऱ्याला भेटायला येणारे शहाळं आणत नाहीत, पुस्तक आणतात. 'आता आयता वेळ आहे' असं म्हणत प्रत्येकाने एकेक ठेवलं. उशाशी अशी चळत उभी राहिली की रात्री पाण्याचा तांब्या ठेवायला जागा उरली नाही. खिडकीबाहेर पाऊस, हातात आल्याचा चहा, पाय उशीवर. वाचकाचं चित्र काढायचं तर असंच काढतील. या चित्रात मी काय करत होतो? कुणा अनोळखी माणसाच्या गच्चीतला दुधीभोपळा कसा वाढतोय ते मोबाइलवर बघत होतो. बी रुजण्यापासून पहिल्या फुलापर्यंत सगळे भाग बघितले. माझा त्या भोपळ्यात जीव गुंतला. उशाशी महाराष्ट्राचं निम्मं साहित्य हात जोडून उभं, आणि मी भोपळ्याला फळमाशी लागू नये म्हणून देव पाण्यात घालून बसलेला.

त्यातून काका परत भेटीला आले. पायाची चौकशी त्यांनी दारातच उरकली. खुर्ची ओढून म्हणाले, "मी दिलेलं झालं का? मग चौथ्या प्रकरणातली त्यांची भूमिका पटली का तुम्हाला?" मी कण्हलो. प्लास्टरचा एवढा उपयोग त्या सबंध काळात दुसरा झाला नाही.

तर मग यंदा मी वाचलं कुठे? हे मला काकांच्या यादीसाठी डोकं खाजवताना उमगलं. घरात, आरामात, ठरवून, दिवा लावून एकही पुस्तक तडीला गेलेलं नाही. जे वाचलं ते सगळं खोळंब्यात.

विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' वाचलं ते दाताच्या दवाखान्यात. १९३९ सालची ही कादंबरी, अंगाने एवढीशी. शबनममध्ये छत्रीच्या शेजारी राहते म्हणून उचलली होती. रूट कॅनलची वेळ सहाची होती. डॉक्टर एका अक्कलदाढेत अडकले होते. मी जहाजावर चढलो. युरोपातून जीव घेऊन निघालेले ज्यू, त्यांतली ती हेर्टा, आणि आपला मराठी तरुण. सव्वासात वाजले, पावणेआठ वाजले, आतून ड्रिलचा आवाज येत होता, पण मी भर समुद्रात. शेवट सांगत नाही, समासात लिहिणाऱ्यांची जात आपली नव्हे. एवढंच सांगतो की पुस्तक मिटलं तेव्हा माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. रिसेप्शनवरची मुलगी पळत आली. "काका, घाबरू नका हो! इंजेक्शन देतात, काही कळत नाही." शेजारच्या आजींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांची कवळी बसवायची होती. म्हणाल्या, "माझे तर सगळे काढले रे, बघ, आहे ना मी?" या दोघींना हेर्टाबद्दल काय सांगणार? मी मान डोलावली. डॉक्टरांनी आत गेल्यावर भुलीचा डोस वाढवून दिला.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' मी बँकेत वाचली. केवायसी नावाच्या व्रताला आता ठरावीक तिथी राहिलेली नाही, बँकेच्या मनात येईल तेव्हा करायचं. टोकन घेतलं, बाकड्यावर बसलो आणि वाचायला लागलो. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेलं हे पुस्तक. नवरा कवी, त्यात तापट, त्यात हातचं उधळून येणारा. त्याने १८९५ साली धर्म बदललेला. दुसरी कुणी असती तर हुंदक्यांचे खंड पाडले असते. ही बाई संसार असा सांगते की आपल्याला हसू आवरत नाही, आणि हसता हसता मध्येच काहीतरी लागून जातं. मी भर बँकेत खो खो हसलो. वीस माणसं रांगेत वैतागलेली असताना एकटा हसणारा माणूस संशयास्पद दिसतो. सुरक्षारक्षक येऊन उभा राहिला. त्या गडबडीत माझं टोकन पुकारून गेलं. मी नवीन घेतलं. मुद्दाम. पुढे जेवणाची सुट्टी झाली, तेव्हा तर मला मनातून उकळ्याच फुटल्या.

उलट मेट्रोने माझं नुकसान केलं, हे कुठे बोलायची सोय नाही. पूर्वी कोथरूडहून कल्याणीनगरला ऑफिसला जाताना बस डेक्कनला रुतायची, स्टेशनपाशी रुतायची, बंडगार्डनच्या पुलावर तर ध्यानाला बसायची. एका फेरीत प्रकरण सहज व्हायचं. मार्च २०२४ मध्ये मेट्रो वनाजहून थेट रामवाडीपर्यंत धावायला लागली. नायकाने पत्र फोडलं की नळ स्टॉप, वाचायला घेतलं की सिव्हिल कोर्ट, आणि मजकूर कळायच्या आत उतरायचं. सगळं शहर वेळ वाचला म्हणून खूश आहे. माझी एक कादंबरी मार्चपासून त्या पत्रातच अडकली आहे.

लेक म्हणाली, "बाबा, मग ऐका ना पुस्तकं. टेकडीवर जाताच." तिने ॲप घालून दिलं आणि वेळ वाचावा म्हणून वेग दीडपट करून ठेवला. हनुमान टेकडी चढताना मला धाप लागलेली आणि कानात नायिका दीडपट वेगाने प्राण सोडतेय. विरहाचा प्रसंग लिलावासारखा उरकला. वेग कमी कसा करायचा हे कळेपर्यंत तिचं तेरावं झालं होतं. पण नंतरची दोन पुस्तकं, खरं सांगतो, छान ऐकून झाली. काकांना विचारलं तर निकाल तयार, "ऐकलेलं धरत नाहीत." इथे मात्र मी अडून बसलो. म्हटलं, काका, शके १२१२ मध्ये माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी उतरून घेतली, आणि पुढे शेकडो वर्षं महाराष्ट्राने ती कीर्तनात, पारायणात कानांनीच घेतली. त्या सगळ्यांना नापास करता का? काका विचारात पडले. मग म्हणाले, "ते दीडपट वेगाने सांगत नव्हते."

दिवाळी अंकांचं यंदाही तेच झालं. 'मनोरंजन'चा १९०९ सालचा तो पहिला अंक निघाल्यापासून घराघरांत जो क्रम चालत आला असेल तोच आमच्याकडे : आधी वार्षिक राशिभविष्य, मग व्यंगचित्रं, मग कविता सोडून पुढे. वाचनालयाच्या योजनेत हवे ते अंक मकरसंक्रांतीपर्यंत मिळत नाहीत आणि नको ते धनत्रयोदशीलाच हातात ठेवतात. यावर अधिक लिहीत नाही.

शेवटी मी यादी टाकलीच. रकाने काकांचेच, फक्त 'आवृत्ती' काढून तिथे 'खोळंब्याचं ठिकाण' घातलं. दवाखाना, बँक, टेकडी, गाडीचं पंक्चर, मेहुण्याच्या मुलीच्या लग्नातला लांबलेला मुहूर्त. काकांचा फोन लगेच आला. "पेशवाईचा महसूल दिसत नाही यादीत." मी म्हटलं, तो रोज वापरात आहे. "वा," म्हणाले, "संदर्भग्रंथ असाच वापरावा." आणि ग्रुपवर माझ्या यादीखाली शेरा पडला, 'ठीक'.

जानेवारीत दुसऱ्या बाजूच्या दाढेचं काम आहे. परवा वेळ घ्यायला फोन केला. तीच मुलगी.

"काका, सकाळी साडेनऊची पहिलीच वेळ आहे बघा. अजिबात थांबावं लागणार नाही."

"छे छे, सकाळी नको. संध्याकाळची शेवटची?"

"त्या वेळेला दीड-दोन तास सहज मोडतात हो."

"दोन नक्की ना?" मी कपाटातलं एक जाडसर पुस्तक काढून पानं बघितली. "नाही, चारशेचं आहे. तीनेक तास होतील असं बघा ना."