वर एक फूट, खाली चार फूट

भिंतीला भोक पाडायला मला वीस मिनिटं लागली. ते चुकीच्या जागी पाडलंय हे कळायला तीन दिवस लागले. आणि ते तिथे का आहे, हे पाहुण्यांना समजावण्यात उरलेलं आयुष्य जाणार आहे.

झालं असं, की आम्ही पेलेटची शेगडी घेतली. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, पेन्सिलीहून जरा बारीक अशा कांड्या वरच्या पेटीत ओतायच्या. आतला स्क्रू त्या थोड्याथोड्या जाळात लोटतो. राख नावापुरती, काचेआड ज्योत, सगळं कसं सभ्य. बसवून देणारा कारागीर चार दिवसांनी येणार होता. ‘तोवर निदान भोक तरी पाडून ठेवू’, असं मी म्हणालो. घरातल्या बहुतेक आपत्तींची सुरुवात माझ्या ‘तोवर निदान’नेच होते.

साध्या लाकडाच्या शेगडीला उंच धुराडं लागतं, कारण तिथे धूर स्वतःच्या गरमपणावर वर चढत जातो. पेलेटच्या शेगडीत पंखा असतो. तो धुराला मागून ढकलतो, त्यामुळे नळी सरळ भिंतीतून बाहेर काढली तरी चालतं. हे मी ऐकलं आणि आनंदाच्या भरात पुढचं ऐकलंच नाही. पुढचं होतं : ‘मात्र खिडक्या सांभाळा.’

पुस्तिका मी वाचली होती. शपथेवर सांगतो, वाचली होती. तिच्यात लिहिलं होतं, की नळीचं तोंड उघडणाऱ्या खिडकीच्या 12 इंच वर तरी असावं, नाहीतर 48 इंच खाली किंवा बाजूला. यातले 12 माझ्या डोक्यात राहिले. वर-खाली हा बारीकसारीक तपशील म्हणून मी सोडून दिला. बैठकीच्या खोलीतल्या मोठ्या खिडकीखाली शेगडी छान दिसली असती, म्हणून मी तिथेच, खिडकीच्या 13 इंच खाली भोक पाडलं. नियमापेक्षा एक इंच जास्तच. स्वभाव उदार, काय करणार!

चौथ्या दिवशी कारागीर आला. बाहेरच्या अंगाला जाऊन त्याने भोकाकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग माझ्याकडे.

“हे कोणी पाडलं?”

“पडलं,” मी म्हणालो.

त्याने टेप काढली, मापली आणि परत खिशात घातली. या शांतपणापेक्षा तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मग लहान मुलाला सांगावं तसं त्याने सांगितलं, “साहेब, धूर गरम असतो, वर जातो. खिडकी नळीच्या खाली असेल तर तो तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणून तिथे एक फूट पुरतो. इथे खिडकी वर आहे. तुम्ही घराला धुरी द्यायला निघाला होतात.”

“पण ही खिडकी आम्ही कधी उघडतच नाही,” मी ठणकावून सांगितलं.

त्याच क्षणी खिडकीची दोन्ही दारं धाडकन उघडली आणि बायकोने डोकं बाहेर काढून विचारलं, “झालं का रे?”

ती खिडकी कायमची खिळे ठोकून बंद करावी, असं मी सुचवून पाहिलं. कारागीर म्हणाला, आग लागली तर खिडकी ही बाहेर पडायची वाट असते. बायको म्हणाली, तिला नवरा बंद झालेला चालेल, खिडकी नाही. शिवाय बंद खिडकीचाही भरवसा नसतो. कारागिराने स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा लावायला सांगितला आणि बंद खिडकीच्या फटीशी पेटती उदबत्ती धरली. धुराची रेघ वाकून थेट घरात वळली. पंखा घरातली हवा बाहेर फेकत होता आणि घर ती तूट मिळेल त्या फटीतून भरून काढत होतं. हा हिशेब माझ्या पगारासारखाच निघाला, फक्त उलट्या दिशेचा.

“धुराचा वास तरी येतो,” तो म्हणाला. “कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, गळून गेल्यासारखं वाटतं, झोप येते.”

मला असं रोज दुपारी वाटतं. म्हणजे मला कळलंच नसतं.

मग खडू आणि दोरी घेऊन आम्ही भिंतीवर उतरलो. प्रत्येक खिडकीच्या कडेपासून 48 इंच बाजूला, 48 इंच खाली आणि 12 इंच वर अशा निषिद्ध क्षेत्राच्या रेघा मारल्या. इतकी वर्षं मी ज्या घराला अंधारं म्हणत होतो, त्याला भिंत कमी आणि खिडक्याच जास्त आहेत हे त्या दिवशी समजलं. खिडक्या संपल्या तर दार निघालं. दारापासून सुटावं तर गॅसचा मीटर. मीटर चुकवला तर पायवाट : तिथे नळीचं तोंड माणसाच्या डोक्यावरून, निदान 7 फुटांवर हवं, नाहीतर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडावर गरम धूर. कोपऱ्यात थोडी कोरी जागा दिसली, मी आनंदाने तिकडे बोट दाखवलं. तर म्हणे दोन भिंतींच्या बेचक्यात वारा गोल फिरतो आणि धूर तिथेच घुटमळतो. संध्याकाळपर्यंत आमची भिंत युद्धाच्या नकाशासारखी झाली होती. पलीकडचे शेजारी कुंपणाशी येऊन बराच वेळ बघत उभे राहिले आणि न बोलता आत गेले. जाताना त्यांनी त्यांची खिडकी लावून घेतली.

शेवटी टेबलावरच्या कापडाएवढा एक तुकडा उरला. आत जाऊन पाहिलं तर त्याच्या बरोबर मागे माझी आरामखुर्ची. बायकोला हा योगायोग वाटला नाही, न्याय वाटला.

तरी मी हार मानत नव्हतो. शेगडी खिडकीखालीच ठेवू आणि नळी वळवत वळवत त्या तुकड्यापर्यंत नेऊ, असं मी म्हणालो. कारागिराने कागदावर हिशेब मांडला. एल्बो म्हणजे नळी वळवणारा सांधा. काटकोनी एल्बो एक, म्हणजे 5 फूट सरळ नळीएवढा अडथळा. आडवी नळी, फुटाला फूट. बेरीज 15 फुटांच्या पुढे गेली की 3 इंची नळी चालत नाही, 4 इंची लागते. माझ्या योजनेत चार एल्बो होते. त्याने कागदाची घडी घालून मला दिली.

उलट त्याला नळी आधी काही फूट उभी चढवून मग बाहेर काढायची होती. वीज गेली की पंखा थांबतो आणि अर्धवट जळलेल्या कांड्यांचा धूर आतच अडकतो. उभी नळी असली तर तो आपला आपण वर ओढला जातो. मला पटलं. मग नळीचं तोंड वर सरकलं, तशी ती न्हाणीघराच्या खिडकीच्या जवळ जायला लागली. पुन्हा टेप, पुन्हा खडू. न्हाणीघराच्या खिडकीखाली 51 इंच भरले तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. वाजवणारा मी एकटाच होतो.

आता शेगडी आरामखुर्चीच्या जागी मजेत जळते. सांधे उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने बंद आहेत, झोपायच्या खोलीबाहेर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म टांगलेला आहे. मी मोठ्या खिडकीखाली बसतो. तिथे गार लागतं, कारण शेगडी पेटली की खोली कोंदते असं बायकोचं मत आहे आणि ती खिडकी उघडते.

जुनं भोक बुजवलं, पण आतून गिलाव्याचा डाग राहिला. त्यावर आम्ही निसर्गचित्र लावलंय, जमिनीपासून दोन फुटांवर. पाहुणे ते ओणवे होऊन बघतात. परवा एकजण जवळजवळ गुडघ्यावर बसले, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे इतक्या खाली का?”

“वरच्या बाजूला एक फूट पुरतो,” बायको म्हणाली.