गोळी चिरली, पण परीक्षा कुणाची झाली?

कतानावर, म्हणजे जपानी तलवारीच्या धारेवर, पिस्तुलाची गोळी आदळते आणि तिचे उभे दोन तुकडे होतात, ती जपानी टीव्हीवरची जुनी क्लिप पुन्हा फिरू लागली आहे. क्लिप खोटी नाही. पण तिच्याखाली "जगातलं सर्वात मजबूत पोलाद" असं लिहिलेलं वाचलं की गप्प बसवत नाही. त्या प्रयोगात परीक्षा शिशाची झाली, तलवारीची नाही.

कडकपणा बघा. ब्रिनेल मापावर शिसं 5 च्या आसपास, गोळीच्या तांब्याच्या कवचाचं मिश्रण 100 च्या आसपास आणि पाणी दिलेल्या, म्हणजे तापवून पाण्यात बुडवून कडक केलेल्या, कतानाची धार 600 च्या वर. धारेला इथे काही पराक्रम करावाच लागत नाही. गोळी स्वतःच्या वेगाने स्वतःला चिरून घेते. तिथे कुऱ्हाड लावा, गोळी तशीच चिरेल. कुऱ्हाडीच्या धारेवर गोळी चिरून दोन फुगे फोडणं हा नेमबाजांचा जुना खेळ आहे. म्हणून अशा प्रयोगात शेजारी एक साधं, स्वस्त पातं लावलेलं नसेल, तर त्यातून तलवारीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

मग पुढची क्लिप येते, .50 कॅलिबरच्या मशीनगनची. पहिल्या काही गोळ्या चिरल्या जातात आणि मग पातं तुटतं. खरं शिकण्यासारखं इथे आहे. पिस्तुलाची .45 कॅलिबरची गोळी साधारण 15 ग्रॅमची, वेग सेकंदाला 255 मीटर, म्हणजे ऊर्जा पाचशे ज्यूलच्या जरा आत. .50 ची गोळी साधारण 43 ग्रॅम, वेग 890 च्या आसपास, ऊर्जा सतरा हजार ज्यूल. ऊर्जा पस्तीस पट, धक्का दहा पट. त्यात तिच्या नेहमीच्या गोळीच्या पोटात शिसं नसतं, मऊ पोलादाचा गाभा असतो. धार त्याच्याहूनही कडकच आहे, म्हणून चिरते, पण दर वेळी धारेचा एखादा कण उडतो. धारेला दाता पडला की पुढच्या धक्क्याचा सगळा ताण त्या खाचेच्या टोकाशी गोळा होतो आणि तडा तिथून सुटतो.

तडा एका झटक्यात आरपार का जात नाही, याचं उत्तर घडणीत आहे. तामाहागाने हे पोलाद शिमाने प्रांतातल्या तातारा भट्टीत तीन दिवस-तीन रात्री वाळूतलं लोखंड आणि लोणारी कोळसा जाळून काढतात. मग दहा-पंधरा घड्या घालून ते ठोकतात. घडीने पोलाद "शेकडो पट मजबूत" होत नाही. मळी निघते, कार्बन सगळीकडे सारखा होतो आणि थोडा जळतोही. खरी करामत पाणी देण्यात. पाठीवर मातीचा जाड लेप, धारेवर पातळ, आणि तापवून पाण्यात. धार झटकन थंड होऊन काचेसारखी कडक होते, पाठ मऊ आणि चिवट राहते. हागिरे, म्हणजे धारेला आडवी बारीक चीर, पडण्याचा मोठा धोका याच क्षणी असतो. ती पडली की पातं वाया.

जपानी लोकांना बंदूक नवी नव्हती. 1543 मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगीज बंदुका आल्या. त्यानंतर गोळीने परीक्षा होऊ लागली ती चिलखताची. गोळी झाडून पोचा पडलेली चिलखतं तशीच विकली जात, पोचा हीच पावती. तलवारीची परीक्षा वेगळी होती. 1853 मध्ये मात्सुशिरो संस्थानात झालेल्या चाचणीत गवताच्या गुंडाळ्यांपासून सुरुवात करून हरणाचं शिंग, लोखंड, शिरस्त्राण असं चढत गेले. लोहार यामाउरा साने-ओच्या तलवारी टिकल्या, नावाजलेला लोहार ताइकेई नाओताने याच्या नापास ठरल्या.

आज बंदुकीनेच चाचणी घ्यायची हौस असेल, तर गोळी धारेवर नको, पात्याच्या सपाट बाजूवर घ्या. तिथे कुणाचंही कौतुक होत नाही, म्हणून क्लिपही फारशा निघत नाहीत. पातं नाकागोत, म्हणजे मुठीत जाणाऱ्या भागात, वाइसला आवळा. जबड्यांत लाकूड किंवा चामडं घाला, नाहीतर वाइसच्या कडेशीच पातं तुटतं आणि दोष गोळीला जातो. धारेवर मारणारच असाल तर नेम मिलिमीटरभर ढळला तरी गोळीचे तुकडे असमान होतात, जड तुकडा पात्याला बाजूला ढकलतो आणि दोन गोळ्यांची तुलना करता येत नाही. दोन्ही तुकडे पात्याच्या मागे फाकून जातात, तेव्हा वाळूची पोती एकाच रेषेत रचून भागत नाही.

आणि पातं कोणतं, ते आधी सांगा. जपानमध्ये परवानाधारक लोहाराला महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात. बहुतेक हौशी प्रयोगांत कारखान्यातल्या पोलादाची नक्कल असते आणि नाव कतानाचं होतं.

दर गोळीनंतर पातं उतरवा. पाठ सरळपट्टीला लावून वाक मोजा, मग धार तिरप्या उजेडात दहापट भिंगाखाली टोकापासून मुळापर्यंत बघा. दाता दिसला तर तो घासून काढता येतो. हागिरे दिसली, तर पातं अखंड दिसत असलं तरी नापास.