‘चॅलेंज वोट’वाला तो मेसेज खोटा आहे भो

आपल्या अमळनेर-चोपड्याच्या ग्रुपांवर परत तोच मेसेज फिरतोय, की यादीत नाव नसलं तर बूथवर आधार दाखवा, कलम ४९अ खाली ‘चॅलेंज वोट’ मागा आणि टाका मत. असं काही नाहीये भाऊ. यादीत नाव नाही म्हणजे मत नाही, आधार फक्त ओळख पटवायला. निवडणूक नियमांतला ४९अ मतदान मशीनच्या रचनेबद्दल आहे, त्याचा इथं काय संबंध.

चॅलेंज असतं, पण ते पोलिंग एजंट, म्हणजे बूथवर बसलेला उमेदवाराचा माणूस करतो, २ रुपये भरून, की हा माणूस तो नाहीच म्हणून. २ रुपये, हसू येतं पण खरंच आहे.

मेसेजमधलं अर्धं खरं एवढंच, आपण केळीच्या बागेतून दुपारी पोचलो आणि आपल्या नावावर कोणी आधीच टाकून गेलं असलं तर नियम ४९प खाली टेंडर मत मिळतं, मशीनवर नाही, कागदी मतपत्रिकेवर, आणि ते वेगळ्या पाकिटात जातं. अशी १४ टक्के मतं झाली की फेरमतदान, असंही मेसेजमध्ये आहे, ते तर निव्वळ पुडी. नाव नसेल तर आत्ताच नाव नोंदवायचा फॉर्म ६ भरा, नाहीतर १९५० या मतदार हेल्पलाइनला फोन लावा.