टी=० ‘जुनाट’ म्हणून दोन तारे: रीडरच्या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार,

आमच्या चिप कार्ड रीडरला तुम्ही दोन तारे दिलेत. रीडर ‘जुनाट’ टी=० वर (कार्डाशी एकेक बाइट करून बोलण्याच्या प्रोटोकॉलवर) चालतो म्हणून संथ आहे, आणि कमांड पाठवली की डेटा स्वतःच गिळून नुसते ‘६१ १०’ हे दोन स्टेटस बाइट हातावर ठेवतो, असे तुमचे म्हणणे. सोबत लॉग जोडलात हे फार बरे केलेत, अंदाजाने बोलावे लागत नाही.

आधी ६१ १० बद्दल. ही एरर नाही. टी=० मध्ये एका कमांडमागे डेटा एकाच दिशेने जातो. तुमच्या कमांडमध्ये १६ बाइट कार्डाकडे जातात आणि उत्तरही यायचे असते. म्हणून कार्ड कळवते की उत्तर तयार आहे, हेक्समधले (सोळाच्या पायावर मोजलेले) १० म्हणजे १६ बाइट, मागून घ्या. ते गेट रिस्पॉन्स कमांडने मागायचे. तुमच्या प्रोग्रॅमने ते न मागता थेट पुढची कमांड पाठवली, तिथे उत्तर गेले. रीडर स्वतःहून गेट रिस्पॉन्स पाठवत नाही, आणि हे आम्ही मुद्दाम तसे ठेवले आहे. कार्ड तपासणाऱ्याला कार्डाने नेमके काय पाठवले ते दिसलेच पाहिजे.

आता वेग. तो प्रोटोकॉलच्या नावावर ठरत नाही. चिप कार्डांच्या आयएसओ ७८१६-३ मानकाप्रमाणे सुरुवातीला एक बिट क्लॉकच्या ३७२ सायकल चालतो. ३.५७ मेगाहर्ट्झला सेकंदाला साधारण ९६०० बिट, टी=० असो की टी=१ (यात बाइट एकेक न जाता ब्लॉकने जातात). तुमचीच कमांड मोजून बघा. टी=० मध्ये हेडरचे ५, कार्डाची पोच १, डेटा १६, ६१ १० चे २; मग गेट रिस्पॉन्सचे ५, पोच १, उत्तर १६, स्टेटस २. एकूण ४८ बाइट. टी=१ मध्ये प्रत्येक ब्लॉकला पुढे ३ आणि मागे तपासणीचा १ बाइट लागतो: जाताना ४ अधिक कमांडचे २२, येताना ४ अधिक उत्तर-स्टेटसचे १८. तेही ४८! नुसते १६ बाइट वाचायचे असतील तर टी=० ला २४ पुरतात, टी=१ ला ३१ लागतात.

फरक पडतो तो दिशा बदलण्यात. वरच्या उदाहरणात टी=० मध्ये रीडर आणि कार्डामधल्या एकाच डेटा लाइनची दिशा पाच वेळा बदलते, टी=१ मध्ये एकदाच. शिवाय गेट रिस्पॉन्ससाठी कॉम्प्युटरपर्यंत आणखी एक फेरी होते. तुम्हाला जाणवलेला संथपणा तिथला असू शकतो.

टी=१ चांगला नाही असे आमचे मुळीच म्हणणे नाही. टी=० प्रत्येक बाइटची पॅरिटी (त्यातले १ सम आहेत की विषम, हे) तपासतो, चूक दिसली की घेणारा लाइन खाली ओढतो आणि तो बाइट पुन्हा येतो; पण एकाच बाइटमधले दोन बिट उलटले तर पॅरिटीला पत्ता लागत नाही. टी=१ मध्ये दोन बाइटची सीआरसी ही जास्त काटेकोर तपासणी वापरता येते आणि बिघडलेला ब्लॉक पुन्हा मागवता येतो. मोठा डेटा किंवा सिक्युअर मेसेजिंग (कमांड-उत्तरांना सांकेतिक संरक्षण) असेल तर आम्हीही टी=१ च घेऊ. पण सिम कार्डे आजही टी=० वर चालतात आणि पेमेंट टर्मिनलला दोन्ही यावेच लागतात. त्याला जुनाट म्हणून बाजूला कसे सारायचे?

आणि टी=० रीडरने निवडलेला नाही. तुमच्या एटीआरमध्ये (रीसेटनंतर कार्ड पाठवते त्या पहिल्या उत्तरात) प्रोटोकॉल सांगणारे बाइट असे आहेत: टीडी१ ८०, टीडी२ ३१. म्हणजे कार्ड आधी टी=० पुढे करते, मग टी=१. ‘कोणताही चालेल’ म्हणून जोडलेत की आमचा ड्रायव्हर कार्डाचा पहिला पर्याय घेतो. जोडताना फक्त टी=१ मागा; रीडर कार्ड रीसेट करून लगेच पीपीएस (प्रोटोकॉल ठरवण्याची विनंती) पाठवेल. मधेच प्रोटोकॉल बदलता येत नाही, म्हणून जोडणी नव्याने करा.

असे करूनही कार्ड टी=१ वर आले नाही, तर तो लॉग आम्हाला पाठवा. दोष रीडरचा निघाला तर रीडर परत घेऊन पूर्ण पैसे देऊ.