घरी रायफल बनवण्याच्या छंदाविषयी, एका टर्नर शिक्षकाचे मत

गेल्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. तालुक्याच्या गावी त्याचे लेथ आणि वेल्डिंगचे दुकान आहे, हात अत्यंत सफाईदार आहे, आणि त्याच्या वावरातला हरभरा रानडुकरांनी दोन रात्रींत उकरून टाकला आहे. त्याने मोबाइलवर एका अमेरिकन माणसाचा व्हिडिओ दाखवला. घराच्या गॅरेजमध्ये बसून तो गृहस्थ स्वतःची रायफल तयार करत होता. "सर, हे आपल्याला जमण्यासारखं आहे," असे विद्यार्थी म्हणाला, आणि आयुष्यभर टर्नर ट्रेड शिकवलेल्या माझ्याही मनात क्षणभर तोच विचार आला, हे मी लपवत नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहितो आहे.

त्या व्हिडिओतला माणूस गुन्हा करत नव्हता. अमेरिकेत १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार, ज्याला शस्त्र बाळगण्यास मनाई नाही असा नागरिक विक्रीसाठी नव्हे, तर स्वतःच्या वापरासाठी बंदूक बनवू शकतो आणि त्यासाठी त्याला केंद्रीय परवाना लागत नाही. मात्र तिथेही सगळे मोकळे रान नाही. रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल तर १९३४ चा वेगळा कायदा लागू होतो, कॅलिफोर्नियासारख्या राज्यात घरगुती बंदुकीवरही क्रमांक असावा लागतो, आणि घरी जुळवायच्या सुट्या संचांवर २०२२ मध्ये आलेले निर्बंध तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये कायम ठेवले. यातले काहीही व्हिडिओत सांगितलेले नसते.

आपल्याकडे स्वतःच्या वापरासाठी म्हणून अशी सूटच नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे शस्त्र किंवा दारूगोळा बनवणे, विकणे, त्यात बदल करणे, दुरुस्त करणे, इतकेच नव्हे तर त्याची चाचणी घेणे, या प्रत्येक गोष्टीला परवाना लागतो, आणि तो छंद म्हणून मिळणारा परवाना नव्हे. शस्त्राच्या व्याख्येत सुटे भाग आणि शस्त्रे बनवण्याची यंत्रसामग्रीही येते, त्यामुळे "मी फक्त नळी बनवली, बंदूक नाही" हा युक्तिवाद टिकत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीची शिक्षा किमान ७ वर्षे असून ती जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. विनापरवाना साधी बंदूक बाळगणाऱ्यासाठी किमान शिक्षा २ वर्षे आहे. बनवणाऱ्याकडे कायदा बाळगणाऱ्यापेक्षा कितीतरी कठोर नजरेने पाहतो, आणि लेथवाल्यांनी नेमके हेच ध्यानात घ्यावे, कारण गिऱ्हाईक काम करवून निघून जाते आणि मशीन आपल्या दुकानात राहते.

आता कायदा घटकाभर बाजूला ठेवून धातूविषयी बोलतो, कारण तो माझा विषय आहे. ट्रकच्या टायरमध्ये साधारण ८ बार दाब असतो. थर्टी-नॉट-सिक्स रायफलच्या काडतुसाचा कमाल दाब ४,००० बारच्या आसपास जातो, आणि तो नेम धरणाऱ्याच्या गालापासून काही इंचांवर निर्माण होतो. बाजारात मिळणाऱ्या पाइपला बहुधा लांबीभर वेल्डिंगची शिवण असते. ती पाण्यासाठी ठीक, यासाठी नव्हे. चांगले पोलाद आणले तरी त्याला कोणते उष्णतोपचार झाले आहेत, आत सूक्ष्म तडा आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही. कारखान्यात तयार बंदुकीतून मुद्दाम जास्त दाबाचे काडतूस उडवून, नंतर तिची तपासणी करून, मगच प्रूफचा शिक्का मारतात. भद्रावती आणि अंबाझरीच्या आयुध निर्माणीत काम केलेल्या कोणालाही विचारा, तपासणी म्हणजे काय ते तो सांगेल. घरी बनवलेल्या नळीची पहिली चाचणी म्हणजे स्वतःचा चेहरा पणाला लावणे होय.

आणखी दोन गोष्टी, ज्यांत चांगली माणसेही अडकतात. आजोबांच्या परवान्याची ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची, बंदूक बिघडली म्हणून ती गावच्या वेल्डरकडे नेऊ नये. दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडेच न्यावी. आणि एअर रायफल ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या नळीची आणि २० ज्यूलपर्यंतच्या ऊर्जेची असेल तरच तिला परवाना लागत नाही. जास्त ताकदीची स्प्रिंग बसवणारा हौशी माणूस ही रेषा नकळत ओलांडतो. हात शिवशिवत असतील त्यांनी खेळाकडे वळावे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले ते नेमाच्या बळावर, घरी बंदूक बनवून नव्हे.

परंतु माझ्या विद्यार्थ्याची अडचण हौसेची नव्हती, हरभऱ्याची होती. ज्याला रोह्यांच्या (नीलगायींच्या) आणि डुकरांच्या मागे रात्रभर जागल करावी लागते, त्याला नुसते कलम ५ ऐकवणे मला अन्यायाचे वाटते. याच कायद्याच्या कलम १३ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे, आणि ती पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही मंजूर करता येते. नाकारायचे असेल तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्यावर अपील करता येते. तरतूद स्पष्ट आहे, ती कार्यालयांत थिजून राहते. बनवण्यावरची बंदी मला पूर्णपणे मान्य आहे, पण वैध वाट इतकी सावकाश चालली की माणूस लेथकडे पाहू लागतो, किंवा धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तारेत जिवंत वीज सोडतो. त्या तारेला चिकटून डुक्कर मरते, वाघ मरतो, आणि पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारीही मरतो.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याची परवानगी नव्हे, हेही मी त्याला सांगितले. ती वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ११ खाली वेगळी घ्यावी लागते. सातबारा, नुकसानीचा पंचनामा आणि फोटो जोडून आम्ही दोघांनी अर्ज लिहिला, दोन प्रती काढल्या, आणि एका प्रतीवर पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचे नाही असे ठरवले. तोपर्यंत मचाणीवर डबा वाजवत त्याची जागल चालू आहे.